लाल कांद्यात पेशी पाहा, आणि खाऱ्या पाण्यानं पीक काहून सुकते ते स्वतः तपासा

दर्यापूर, मूर्तिजापूर, संग्रामपूर या विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खारं पाणी काय असते हे सांगावं लागत नाही, विहिरीत पाणी दिसते पण वावराला देता येत नाही, आणि दिलंच तर ओल्या मातीत उभं असलेलं झाड मान टाकते. मातीत ओल असून झाड तहानेलं कसं राहते, हा प्रश्न वावरातल्या प्रत्येकाला पडतो आणि त्याचं उत्तर पेशीत आहे. ती पेशी आपल्याला डोळ्यानं पाहता येते, घरातल्या लाल कांद्यात. शाळेत पेशीचं चित्र सगळ्यांनीच काढलेलं असते, नावं पाठ केलेली असतात, पण खरी पेशी पाहिलेले पोट्टे फार कमी सापडतात. म्हणून हे सगळं एकेक करून सांगतो, घरात पोट्टे असतील तर त्यांना सोबत घेऊन बसा.

आधी मायक्रोस्कोपचं पाहू. गावातल्या हायस्कूलच्या नाहीतर जवळच्या ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये असतो, सरांना विचारलं तर बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. तो जमत नसेल तर फोल्डस्कोप मागवा, हा कागदाच्या घड्या घालून बनवायचा मायक्रोस्कोप आहे, स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश आणि त्यांच्या टीमनं तयार केलेला, २०१४ मध्ये जगासमोर आला आणि वस्तू १४० पट मोठी दाखवतो. कांद्याची पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब असते, त्यामुळे १०० पटसुद्धा पुरते, महागड्या यंत्राची गरजच नाही. फोल्डस्कोपमागं मोबाईल लावला की फोटोपण निघते. एक गोष्ट मात्र कडक पाळायची, कोणत्याच मायक्रोस्कोपमधून सूर्याकडं पाहायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकते. बल्ब, टॉर्च नाहीतर मोकळ्या आभाळाचा उजेड भरपूर होते.

बाकी सामान म्हणजे काचपट्ट्या आणि त्यावर ठेवायच्या पातळ कव्हरस्लिप (तालुक्याला लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळतात), एक लाल कांदा, चिमटा, मीठ, दोन-तीन बटाटे, वर्तमानपत्राचा तुकडा, आणि मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साईडची एक बाटली.

आता पापुद्रा. खरं कसब इथंच आहे, म्हणून घाई करू नका. कांद्याचे चार भाग करा आणि वरची सुकी साल टाकून त्याखालची जाड, रसरशीत, चांगली जांभळी पाकळी घ्या. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा सहज निघते पण तो बिनरंगाचा असतो, आपल्याला हवा आहे बाहेरच्या फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा. त्यासाठी पाकळी आतल्या बाजूनं अर्धवट मोडायची, म्हणजे गर तुटते पण बाहेरची कातडी जोडलेली राहते, मग मोडलेला तुकडा हळूच ओढला की जांभळी कातडी चिकटून येते. जिथं ती एकदम पातळ, मागचं बोट दिसेल इतकी झाली तिथला नखाएवढा तुकडा कापा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, थेंबावर तुकडा, सुरकुती पडू द्यायची नाही. कव्हरस्लिप एका बाजूनं टेकवून हळू खाली सोडायची, वरून आपटली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते काळ्या काठाचे गोल गोल बुडबुडे पाहून लोक खुश होतात की हीच पेशी. पेशी गोल नाही दिसणार, लांबट चौकोनी दिसेल, एकमेकीला खेटून ओळीनं, आणि आत जांभळा रंग काठोकाठ भरलेला.

हा रंग पूर्ण पेशीत नसतो बरं, पेशीच्या मधोमध पाण्याची मोठी पिशवी असते तिला रिक्तिका म्हणतात, रंग तिच्यात विरघळलेला असतो. केंद्रक, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारा गोळा, पाहायचा असेल तर आतल्या बिनरंगी पापुद्र्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका, पिवळसर तपकिरी ठिपका एका कडेला सरकलेला दिसते. तेच आयोडीन बटाट्यावर टाकलं तर निळं-काळं होते, तो स्टार्च.

रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये बुचाच्या कापात असेच कप्पे पाहिले होते, पण त्यानं पाहिले ते मेलेले, रिकामे कप्पे, नुसत्या भिंती. तुमच्यासमोर जिवंत पेशी आहे, हे विसरू नका. ती जिवंत आहे म्हणूनच पुढचं जमते.

२०० मिली पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा, दोन छोटे सपाट चमचे साधारण तेवढेच भरतात, हे झालं ५ टक्क्यांचं पाणी. साध्या मायक्रोस्कोपवर असाल तर काचपट्टी हलवू नका, कव्हरस्लिपच्या एका काठाला या पाण्याचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या काठाला कागदाचा तुकडा लावा, कागद इकडून पाणी ओढते आणि तिकडून मिठाचं पाणी आत सरकते. डोळा लावून बसा. दोन-चार मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटायला लागते, आधी कोपऱ्यातून, मग सगळीकडून, आणि शेवटी पेशीच्या मधोमध गडद जांभळा गोळा होऊन राहते. भिंत मात्र जशीच्या तशी चौकोनी. ट्रॅक्टरच्या टायरमधली ट्यूब पंक्चर झाली आणि टायर जागेवर राहिला, तसं. टायर म्हणजे पेशीची भिंत, ट्यूब म्हणजे आतलं पातळ पटल, आणि झाड ताठ उभं राहते ते या ट्यूबमधल्या पाण्याच्या दाबावर, नुसत्या भिंतीच्या जोरावर नाही. फोल्डस्कोपवर असं पाणी ओढणं जरा कठीण जाते, तर दोन तुकडे वेगवेगळे करा, एक साध्या पाण्यात आणि एक पाच मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवून मग पाहा.

लगेच त्याच पद्धतीनं गोडं पाणी आत सोडा. रंग पुन्हा पसरते, ट्यूब भरते. हे पाहण्यासारखं आहे, माझ्या मते पूर्ण शाळेच्या जीवशास्त्रात यापेक्षा चांगला प्रयोग नाही. पण फार वेळ मिठात ठेवलं तर पेशी मरते आणि मग कितीही गोडं पाणी दिलं तरी ती फुगत नाही.

हे काहून होते? पटल जे आहे ते मुख्यतः तेलकट रेणूंच्या दोन थरांचं आहे, त्या रेणूंचं एक टोक पाण्याकडं ओढ घेते आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात, म्हणून शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी दुहेरी मांडणी आपोआप होते. जाडी इतकी कमी की साधारण ८ नॅनोमीटर धरली तर असे सव्वा लाख थर एकावर एक ठेवले तेव्हा कुठं १ मिलिमीटर होईल. आता मीठ पाण्यात गेलं की सोडियम आणि क्लोराईड असे विद्युतभार असलेले दोन तुकडे होतात, पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती घोळका करतात, कारण पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. असा भार घेतलेला, पाण्यानं वेढलेला सोडियम त्या तेलकट थरातून सहजासहजी जाऊ शकत नाही. पाणी मात्र जाते, थोडं थेट थरातून आणि भराभर जायचं असेल तर पाण्यासाठीच बनलेल्या प्रथिनांच्या नळ्यांतून, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात, पीटर ॲग्रे यांनी त्या ओळखल्या आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे मीठ अडते, पाणी जाते, आणि पाणी नेहमी जिकडं विरघळलेलं जास्त तिकडं वळते. दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असते, लिटरला ९ ग्रॅम मीठ, ते याच्यासाठीच, त्यात रक्ताच्या लाल पेशी ना फुगतात ना आकसतात. नुसतं साधं पाणी शिरेत गेलं तर त्या फुगून फुटतील, त्यांना टायर नाही ना.

पटल म्हणजे नुसती पिशवी नाही, ती शाबूत असणं म्हणजेच पेशी जिवंत असणं. हे तपासायचं तर जांभळ्या पापुद्र्याचा दुसरा तुकडा कडक गरम पाण्यात दोन मिनिटं टाका, पाणी जांभळट होते आणि तुकडा फिका पडते, कारण पटल मोडलं आणि रंग वाहून गेला. मग त्याच्यावर मिठाचं पाणी टाकून पाहा, काहीच होत नाही. गरमीनं प्रथिनंपण बिघडतात आणि ते बटाट्यात स्पष्ट दिसते: कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साईड टाका, पांढरा फेस उसळते, उकडलेल्यावर टाका, फेस नाही. पेशीत कॅटलेज नावाचं एन्झाईम, म्हणजे रासायनिक काम भराभर उरकणारं प्रथिन, असते, ते पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन करते, एकेक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडते, आणि उकडल्यावर त्याची घडी मोडते म्हणून काम बंद. फेस बाटलीत जमवून निखारा असलेली अगरबत्ती तोंडाशी धरली तर निखारा एकदम उजळते. मेडिकलची बाटली बहुतेक ६ टक्क्यांची असते, तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांची करा, डोळ्यात जाऊ देऊ नका आणि बाटली अंधारात ठेवा.

आता वावराकडं येऊ, हे सगळं त्याच्यासाठीच होतं.

बटाट्याच्या बोटाएवढ्या सारख्या फोडी करा, साल काढून. चार ग्लास घ्या: पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात १ टक्का (२०० मिलीत २ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्यापेक्षा कमी), तिसऱ्यात ५ टक्के, आणि चौथ्यात तुमच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी. फोडी टाकण्याआधी वजन लिहून ठेवा, सोनाराकडच्यासारखा छोटा काटा असेल तर फारच चांगलं, नसेल तर वाकवून पाहणं पुरे. तीन तासांनी काढा, पुसा, पुन्हा तोला. साध्या पाण्यातली फोड कडक होते, वाकवली की कट्कन मोडते. ५ टक्क्यातली लोंबते. १ टक्क्याच्या आसपासची जवळपास होती तशीच राहते.

चौथ्या ग्लासातली फोड बहुतेक कडकच निघेल आणि इथंच माणूस फसते, की बघा आपल्या बोअरच्या पाण्यानं काही होत नाही. थांबा. ते पाणी लिटरला २ ग्रॅम क्षाराचं धरा, म्हणजे फक्त ०.२ टक्के, बटाट्याला ते गोडंच. पण वावरात पाणी उडून जाते आणि क्षार मागं राहतात, झाडपण मुळानं पाणी घेते आणि बहुतेक क्षार बाहेरच ठेवते. एका एकराला एका ओलितात ५ सेंटिमीटर पाणी दिलं तर ते २ लाख लिटर होते, आणि त्याच्यासोबत ४ क्विंटल क्षार वावरात गेले. एका ओलितात. काळ्या भारी जमिनीत पाणी खाली फारसं झिरपत नाही त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत, पुढच्या ओलितात अजून ४ क्विंटल, आणि मुळाभोवतीचं पाणी घट्ट होत होत कांद्याच्या त्या काचपट्टीसारखं होते. मुळाच्या पेशीला पाणी ओढणं जड जाते, झाड मान टाकते. त्यात सोडियम जास्त असला की काळ्या मातीचे कण सुटे होतात, जमीन चिकट होऊन वरून पपडी धरते, म्हणजे हवा-पाण्याची वाटपण बंद.

सगळी पिकं सारखी मरत नाहीत. पऱ्हाटी (कापूस) बरंच सहन करते, कांदा, मूग, संत्रा लवकर हार मानतात. सहन करणारं झाड पेशीच्या आत स्वतःच काही रेणू बनवून आतला द्रव घट्ट करते म्हणजे बाहेरून पाणी ओढता येते, आणि आत शिरलेला सोडियम त्या रिक्तिकेत कोंडून ठेवते, जिथं तुम्ही कांद्यात जांभळा रंग पाहिला. पेरून झालेल्या पिकाच्या बुंध्याशी युरियाची मूठ पडली की झाड करपते, तेपण हेच, खत ओलीत विरघळून मुळापाशी घट्ट द्रावण होते आणि पेशीतलं पाणी बाहेर येते.

म्हणून शेवटचं काम असं. मोटर चालू करून थोडा वेळ पाणी वाहू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून भरा आणि माती-पाणी परीक्षण केंद्रात द्या. अहवालात ईसी नावाचा आकडा येते, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचं माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये, त्याला ०.६४ नं गुणलं की लिटरला अंदाजे किती ग्रॅम क्षार ते कळते. ०.७ च्या आत असेल तर चिंता नाही, ३ च्या वर असेल तर ते पाणी जपूनच, हे जागतिक अन्न व कृषी संघटनेचे आकडे आहेत. सोबत सोडियमचं प्रमाणपण विचारा, आणि जिप्सम (जमिनीतला सोडियम हटवायला टाकतात ते कॅल्शियमचं खनिज) टाकायचं का, किती टाकायचं ते मातीचा अहवाल हातात आल्यावरच ठरवा, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून नाही. मग २ लाख लिटरला तुमचा आकडा लावून आपल्या एकराचा हिशोब वहीत मांडा, पोट्ट्यांनाच करायला सांगा, बटाट्याच्या वजनाच्या रकान्याशेजारीच.