स्काऊट पथकाचं वार्षिक नूतनीकरण: बसण्याआधी काय काय काढून ठेवायचं

पथकाची नोंदणी दरवर्षी पोर्टलवर नव्याने करायची असते. त्यासाठी संगणक चालू करायच्या आधी मुलांचे जुने सदस्य क्रमांक काढा. मागच्या वर्षीची प्रिंट, डाउनलोड केलेली यादी, आधीच्या सरांची वही, जिथून मिळतील तिथून. ते हातात आल्याशिवाय लॉगिनच करू नका.

मागच्या खेपेला मी हजेरीपटावरून 28 नावं एक्सेलमध्ये टाकली, क्रमांकाचा रकाना मोकळा सोडला आणि फाइल चढवली. पोर्टलने कुठेच अडवलं नाही. अडवेल कशाला, त्याच्या लेखी 28 नवी लेकरं आली होती. शुल्क गेलं, पावती आली, मी घरी जाऊन निवांत जेवलो. आठवड्याने तृतीय सोपान, म्हणजे स्काऊटची तिसरी पायरी, झालेल्या एका पोराचं त्यापुढच्या राज्य पुरस्काराचं काम काढलं, तर त्याच्या नावापुढे सामील झाल्याची तारीख गेल्या मंगळवारची. पोरगं शेजारी उभं. हातातल्या पुस्तिकेत तीन वर्षांच्या सह्या, निळ्या, काळ्या, एक मुख्याध्यापकांची हिरव्या शाईतली, आणि पडद्यावर तो परवा स्काऊट झालेला. दोन सोपानांमध्ये महिने भरावे लागतात, त्यामुळे तारीख गेली म्हणजे सगळंच गेलं. मग अर्ज, हमीपत्र, जुन्या पावत्यांच्या झेरॉक्स, भर उन्हात चकरा. दोन महिन्यांनी दुरुस्ती झाली खरी, पण त्या वर्षीची त्याची चाचणी हुकली. ‘असू दे की सर’ म्हणाला. चूक सगळी माझी होती.

तेव्हा जुना मुलगा, जुना क्रमांक. ‘नवीन सदस्य’ हे बटण फक्त खरोखर नव्या पोरांसाठी. फाइल चढवण्यापूर्वी क्रमांकाचा रकाना वरून खाली बोट ठेवून बघा. मोकळं घर दिसलं की थांबा आणि विचारा, हा खरंच या वर्षी आलाय का?

क्रमांक मिळाले? आता मोबाइल. खात्याला कोणाचा नंबर जोडलेला आहे ते बघा. पथक आधी ज्या सरांकडे होतं त्यांचा असेल, तर ओटीपी त्यांच्याकडे जाणार. ते निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडे गेलेले असतात आणि दुपारी झोपलेले असतात. आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा, आणि आत शिरल्यावर सगळ्यात आधी नंबर बदलून घ्या. पासवर्ड वहीत लिहा. लोक म्हणतात लिहू नये. मी लिहितो.

नावांना वेळ द्या. सोलापुरात हे काम इतर ठिकाणापेक्षा जास्त किचकट आहे. आमची शाळा पूर्व भागातली, निम्म्या घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, शाळेत मराठी, आणि फॉर्म इंग्रजी अक्षरांत. एकच आडनाव आधारवर ‘वाय’ने सुरू होतं, दाखल्यावर ‘ई’ने. श्रीनिवास कुठे एका शब्दात, कुठे दोन. काही घरांत आडनाव आधी सांगतात, मग वडिलांच्या नावाच्या रकान्यात मुलाचंच नाव जाऊन बसतं. मी ठरवलंय: मागच्या वर्षीच्या नोंदीत जसं आहे तसंच आधी ठेवायचं, म्हणजे क्रमांकाशी जुळतं. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा. उत्साहाच्या भरात नाव सुधारायला गेलात आणि नोंद जुळली नाही, की पुन्हा तेच: नवा मुलगा, नवी तारीख, जुना क्रमांक हवेत.

जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घ्या, मुलाला विचारून नको. स्काऊटचं वय 10 ते 17, त्याखालच्या लहान मुलांचा गट म्हणजे कब. कबमधला जो आता दहाचा झाला तो वर येतो, पण म्हणून तो नवा होत नाही. त्याचाही जुना क्रमांक असतो! कबच्या मॅडमकडे मागा. त्या देतील, दोनदा मागावा लागेल. गेल्या वर्षी अशी पाच पोरं होती आणि त्यांच्याबाबत मला हे सुचलंसुद्धा नव्हतं.

पथकातल्या संघांची, म्हणजे छोट्या गटांची, यादीही याच वेळी नीट लावा. एका संघात 6 ते 8 मुलं, एका पथकात फार तर 32. आमच्याकडे 35 झाली तेव्हा दुसरं पथक करायचं की तिघांना थांबवायचं यावर शिक्षकखोलीत अर्धा दिवस गेला. तो वाद आधी मिटवा, लॉगिन केल्यावर नको. संघनायकांना कामाला लावा. कोण शाळा सोडून गेलं, कोण फक्त खिचडीपुरतं येतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. शाळा सोडून गेलेल्याचं नाव काढा, पण क्रमांक वहीत राहू द्या. दुसऱ्या शाळेतले सर उद्या फोन करतील तेव्हा लागतो.

शाळेचा यूडायस, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, जवळ ठेवा, 11 अंकी, आपल्या जिल्ह्याचा 2730 ने सुरू होतो. फोटो लहान करून ठेवा. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आधीच घ्या, ते नेमके त्याच दिवशी मीटिंगला असतात. आणि स्वतःचं नाव, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रासकट. आमच्यातल्या एकाने पोरं सगळी भरली आणि स्वतःलाच विसरला.

पैसे. पोरं दहाच्या नोटा आणि चिल्लर आणतात. काहींच्या आया विड्या वळतात, हप्ता शनिवारी मिळतो, तेव्हा सोमवारची मुदत द्या, शुक्रवारची देऊ नका. ज्याचे येत नाहीत त्याचे आपण घालतो, त्यावर चर्चा नको. भरताना यूपीआयवर चक्र फिरत राहिलं तर पुन्हा दाबू नका, आधी बँकेचा मेसेज बघा. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा.

कधी बसायचं? शाळा 15 जूनच्या आसपास उघडते, आणि लगेच आषाढी येते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे वारीच्या दिवसांत निम्म्या लोकांना कुठली ना कुठली ड्युटी लागलेली असते, कार्यालयात फोन कोण उचलणार? त्याआधी उरका. सकाळी लवकर, लाइट जाण्याआधी. शेवटच्या तारखेला तर अजिबात नाही.

भरून झालं की लगेच ‘सबमिट’ नाही. दोन जुनी पोरं उघडून बघा, सामील झाल्याची तारीख जुनीच दिसते का. तृतीय सोपानवाली तर एकेक बघा. मग सबमिट. मंजुरी आली का ते चार दिवसांनी बघा. पावती, यादी, दोन प्रती. क्रमांकासकट यादीचा फोटो मुख्याध्यापकांना आणि कबच्या मॅडमना व्हॉट्सअॅपवर, आणि एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माझी तिथंच आहे, डिंकाने, सेलोटेप उन्हाळ्यात सुटते.