हेक्झेनचे समघटक कसे शोधावेत: एकही न सुटता, एकही दोनदा न येता

सहा कार्बन आणि चौदा हायड्रोजन अणू असलेल्या अल्केनचे (केवळ एकेरी बंध असलेल्या कार्बन-हायड्रोजन संयुगाचे) सर्व रचना समघटक, म्हणजे तेच अणू वेगळ्या प्रकारे जोडलेले रेणू, काढण्यास सांगितले, की अनेक विद्यार्थ्यांच्या वहीत सात-आठ आकृत्या जमतात. प्रत्यक्षात समघटक पाचच आहेत. बाकीच्या आकृत्या म्हणजे त्याच रेणूंची वाकवलेली किंवा उलटी धरलेली चित्रे असतात. हा घोळ हुशारीच्या अभावी होत नाही, तर आकृत्या सुचतील तशा काढत गेल्यामुळे होतो. म्हणून येथे कामाचा एक ठरावीक क्रम दिला आहे.

सुरुवातीला हायड्रोजन पूर्णपणे बाजूला ठेवावेत आणि केवळ कार्बनचा सांगाडा काढावा. कार्बनची संयुजा, म्हणजे तो करत असलेल्या बंधांची संख्या, चार असल्यामुळे सांगाडा ठरला की हायड्रोजनच्या जागा आपोआप ठरतात. पुढील सांगाड्यांमध्ये कार्बनसाठी ‘क’ लिहिले आहे आणि शाखेतील कार्बन कंसात दाखवला आहे.

पहिला सांगाडा सर्वांत लांब, सरळ साखळीचा असतो: क–क–क–क–क–क. हा हेक्झेन. ही साखळी कागदावर नागमोडी काढली, मध्येच काटकोनात वळवली किंवा उभी लिहिली, तरी रेणू तोच राहतो, कारण एकेरी बंधाभोवती अणू फिरू शकतात आणि कार्बनच्या चार बंधांमधील सुमारे १०९.५ अंशांचा कोन सपाट कागदावर दाखवताच येत नाही. याची खात्री पटत नसेल, तर कणकेच्या गोळ्या आणि आगकाड्या घेऊन एकदा हा सांगाडा प्रत्यक्ष बांधून पाहावा. पाच मिनिटांच्या या उद्योगाने जे कळते, ते फळ्यावरच्या दहा आकृत्यांनी कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता साखळी एका कार्बनने आखूड करावी. पाच कार्बनची साखळी उरते आणि एक कार्बन मिथिल गट (एका कार्बनची शाखा) म्हणून जोडायचा राहतो. तो टोकाच्या कार्बनला जोडल्यास साखळी पुन्हा सहाची होते, म्हणजे आपण हेक्झेनवरच परत येतो. दुसऱ्या कार्बनला जोडल्यास क–क(क)–क–क–क, म्हणजे २-मिथिलपेंटेन मिळते. तिसऱ्याला जोडल्यास क–क–क(क)–क–क, म्हणजे ३-मिथिलपेंटेन मिळते. चौथ्याला जोडल्यास नवे काहीच मिळत नाही, कारण दुसऱ्या टोकाकडून मोजल्यावर चौथा कार्बन हाच दुसरा ठरतो. शाखा हलवताना साखळीच्या मध्यापर्यंतच जावे, त्यापलीकडे जाऊ नये, हा नियम येथूनच येतो.

पुढची पायरी चार कार्बनच्या साखळीची. येथे दोन कार्बन जोडायचे असतात. दोन्ही मिथिल गट एकाच आतल्या कार्बनवर ठेवले, की २,२-डायमिथिलब्युटेन मिळते. शेजारशेजारच्या आतल्या कार्बनांवर एकेक ठेवला, की २,३-डायमिथिलब्युटेन मिळते. दोन कार्बनचा एकच इथिल गट दुसऱ्या कार्बनला जोडून ‘२-इथिलब्युटेन’ लिहिण्याचा मोह येथे हमखास होतो. परंतु तो सांगाडा इथिलच्या टोकापासून मोजून पाहावा: साखळी पाच कार्बनची भरते आणि तिसऱ्या कार्बनवर एक मिथिल उरतो. हे तर ३-मिथिलपेंटेन झाले, आणि ते आपण आधीच नोंदवले आहे. तीन कार्बनच्या साखळीत शाखेसाठी एकच आतला कार्बन असतो आणि त्याचे दोनच बंध मोकळे असतात. त्यावर उरलेले तीन कार्बन कसेही बसवले, तरी कुठून तरी चार कार्बनची साखळी तयार होतेच. म्हणून शोध येथे थांबतो.

पाच रचना हाती आल्यावर दोन पडताळण्या कराव्यात. पहिली हायड्रोजनची: टोकाच्या कार्बनवर तीन, साखळीतील साध्या कार्बनवर दोन, एक शाखा असलेल्यावर एक आणि दोन शाखा असलेल्यावर शून्य हायड्रोजन धरून बेरीज करावी. २,२-डायमिथिलब्युटेनमध्ये चार टोके असल्याने बारा, एका साध्या कार्बनचे दोन आणि चार कार्बनांना जोडलेल्या कार्बनचा शून्य, असे चौदा भरतात. बेरीज चौदा आली नाही, तर सांगाड्यात चूक आहे.

दुसरी पडताळणी नावाची, आणि माझ्या मते तीच निर्णायक. १८९२ मध्ये जिनिव्हा येथे रसायनशास्त्रज्ञांनी पद्धतशीर नामकरणाचा जो पाया घातला आणि जो पुढे आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विस्तारला, त्याचा विद्यार्थ्याला होणारा खरा उपयोग हा आहे. प्रत्येक आकृतीतील सर्वांत लांब साखळी शोधावी, शाखेला लहान क्रमांक मिळेल अशा टोकाकडून मोजावे आणि नाव लिहावे. दोन आकृत्यांचे नाव एकच आले, तर त्यातली एक खोडावी. ‘१-मिथिलपेंटेन’ किंवा ‘४-मिथिलपेंटेन’ असे नाव लिहिले गेले असेल, तर मोजणी चुकली आहे: पहिले मुळात हेक्झेन आहे आणि दुसरे २-मिथिलपेंटेन.

हे पाच पदार्थ खरोखर वेगळे आहेत, हे त्यांच्या उत्कलनांकांवरून दिसते. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते, ३-मिथिलपेंटेन ६३ ला, २-मिथिलपेंटेन ६० ला, २,३-डायमिथिलब्युटेन ५८ ला आणि २,२-डायमिथिलब्युटेन ५० ला. शाखा वाढल्या की रेणू आटोपशीर होतो, शेजारच्या रेणूंशी त्याचा संपर्क कमी होतो आणि त्यांच्यातील आकर्षण दुबळे पडते.

याच सांगाड्यांवरून अल्कीनही, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेली संयुगेही, काढता येतात. सहा कार्बन आणि बारा हायड्रोजन असे रेणुसूत्र असेल, तर प्रत्येक सांगाड्यात दुहेरी बंध कोठे बसू शकतो ते क्रमाने पाहावे. सरळ साखळीत तीन जागा आहेत, २-मिथिलपेंटेनच्या सांगाड्यात चार, ३-मिथिलपेंटेनच्या सांगाड्यात तीन, २,३-डायमिथिलब्युटेनच्या सांगाड्यात दोन आणि २,२-डायमिथिलब्युटेनच्या सांगाड्यात एकच, कारण ज्या कार्बनचे चारही बंध इतर कार्बनांत गुंतले आहेत, तो दुहेरी बंध स्वीकारू शकत नाही. एकूण तेरा रचना झाल्या. सिस आणि ट्रान्स (दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना गट आहेत) हा भेद यात मोजलेला नाही. सायक्लोहेक्झेनसारख्या वलयी रचनांचेही रेणुसूत्र हेच असते, म्हणून प्रश्नात केवळ अल्कीन विचारले आहेत की सर्व समघटक, हे आधी वाचावे.

सरावासाठी सात कार्बनचे अल्केन घ्यावे. त्याचे नऊ समघटक आहेत. आठच सापडले, तर पाच कार्बनच्या साखळीकडे पुन्हा पाहावे: बहुधा ३-इथिलपेंटेन राहिलेले असते, कारण हेक्झेनच्या वेळी इथिल गट प्रत्येक ठिकाणी बाद ठरला होता, आणि येथे मात्र त्याला पहिल्यांदाच हक्काची जागा मिळते.