वेबसाइट एचटीटीपीवर ठेवायची की एचटीटीपीएसवर? आणि बदल करायचा तर कसा

"आमच्या साइटवर लॉगिन नाही, पैसे भरायची सोय नाही. चार पानं आणि एक फोन नंबर. मग ते कुलूप, म्हणजे एचटीटीपीएस, कशाला?" नवी साइट करणाऱ्यांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तर तोंडपाठ झालंय. तुमच्याकडे चोरण्यासारखं काही नसेलही, पण बदलण्यासारखं नक्की आहे. तो फोन नंबर.

एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर (साइट ठेवलेला कॉम्प्युटर) यांची बोलायची पद्धत. साध्या एचटीटीपीवर ब्राउझर सर्व्हरच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, उघडा मजकूर पाठवतो आणि सर्व्हर तसाच उघडा मजकूर परत करतो. मधे वायफायचा राउटर, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि आणखी बरीच यंत्रं असतात. त्यातल्या कुणालाही तो वाचता येतो, आणि हवा तर बदलून पुढे ढकलता येतो. दुसऱ्यांच्या पानांत वाटेतच जाहिराती घुसडण्याचे उद्योग काही इंटरनेट कंपन्यांनी खरोखर केलेले आहेत. साइटवर फॉर्म असेल, तर वाटेवर बसलेल्याला साधारण अशी ओळ दिसते :

युजर=ॲडमिन&पासवर्ड=मोगरा१२३

फोडायचं काही नाहीच, नुसतं वाचायचं. बरं, फक्त लॉगिनचं पान सुरक्षित केलं तरी भागत नाही. २०१० साली फायरफॉक्ससाठी 'फायरशीप' नावाचं एक एक्स्टेन्शन आलं होतं. एकाच उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात त्यातून एका क्लिकवर शिरता यायचं. त्या काळी मोठमोठ्या साइटसुद्धा पासवर्ड तेवढा झाकून पाठवत आणि पुढचं सगळं, ओळख पटवणाऱ्या कुकीसकट (ब्राउझरने जपलेली छोटी नोंद), उघड्यावर. म्हणून करायचं तर संपूर्ण साइटचं करा.

एचटीटीपीएस म्हणजे तेच संभाषण, पण टीएलएस या एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर गुप्त करणाऱ्या, आवरणातून, पोर्ट ४४३ वर. मधल्याला मजकूर वाचता येत नाही, त्यात ढवळाढवळ केली तर पकडली जाते, आणि समोरचा सर्व्हर त्याच डोमेनचा आहे याची खात्री सर्टिफिकेट देतं. साइटचा मालक सज्जन आहे असं मात्र ते सांगत नाही. फसवणूक करणाऱ्या साइटकडेही वैध सर्टिफिकेट असतं. लोक कुलपाचा भलताच अर्थ लावतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं ते चिन्हच काढून टाकलं.

मग एचटीटीपी कुठे चालेल? स्वतःच्या कॉम्प्युटरवर लोकलहोस्टवर काम करताना खुशाल चालेल. लोकांसाठी उघडलेल्या साइटसाठी मला तरी एकही कारण सापडत नाही. पूर्वी खर्चाचं कारण होतं. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने फुकट सर्टिफिकेटं द्यायला सुरुवात केली आणि तेही संपलं. साइट हळू होते म्हणावं, तर एचटीटीपी/२ ही वेगवान आवृत्ती ब्राउझर फक्त एचटीटीपीएसवरच वापरतात, त्यामुळे बऱ्याचदा उलटाच अनुभव येतो. शिवाय जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक एचटीटीपी साइटला 'सुरक्षित नाही' असं लेबल लावतो. ते लेबल पाहून परत फिरलेला माणूस तुम्हाला कळवायला येत नाही.

आधी बॅकअप, मग सर्टिफिकेट

फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घ्या. मग होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बघा. बहुतेक ठिकाणी मोफत सर्टिफिकेट चालू करायचं बटण असतं. स्वतःचा सर्व्हर असेल तर 'सर्टबॉट' हा प्रोग्रॅम हे काम करतो. डोमेन तुमच्या ताब्यात आहे एवढंच तपासणारं साधं सर्टिफिकेट पुरतं. महागडी सर्टिफिकेटं विकणारे 'जास्त विश्वास' वगैरे सांगतील, पण ॲड्रेस बारमध्ये कंपनीचं नाव ठळक दाखवणं क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्येच बंद केलं. एन्क्रिप्शन दोन्हींत सारखंच असतं.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं आणि न लावलेलं, अशी दोन्ही नावं सर्टिफिकेटमध्ये घ्या. एक राहून गेलं की निम्म्या लोकांना लाल इशारा दिसतो, तुम्हाला दिसत नाही, आणि भांडण सुरू होतं.

रीडायरेक्टची घाई नको

रीडायरेक्ट म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणं, ते नंतर. आता एचटीटीपीएसचा पत्ता हाताने टाइप करून साइट उघडा. मांडणी विस्कटलेली दिसली तर घाबरू नका. पान सुरक्षित वाटेने आलं, पण त्यातली एखादी स्क्रिप्ट किंवा स्टाइलची फाइल अजून जुन्या पत्त्यावरून मागवली जातेय आणि ब्राउझर ती अडवतोय. एफ१२ दाबून कन्सोल उघडा, 'मिक्स्ड कन्टेन्ट'च्या ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत दोषी फाइलचा पत्ता असतो.

जुने पत्ते थीममध्ये असतात, प्लगइनच्या सेटिंगमध्ये असतात आणि सगळ्यांत जास्त डेटाबेसमध्ये. वर्डप्रेसवाल्यांनी इथे जपून. मी एकदा शहाणपणा करून थेट डेटाबेसमध्ये 'शोधा आणि बदला' चालवलं. पानं छान उघडली, पण बाजूच्या पट्टीतले विजेट गायब! कारण नंतर कळलं. वर्डप्रेस काही सेटिंग्ज साठवताना मजकुराच्या आधी त्याची लांबीही लिहून ठेवतं. एचटीटीपीचं एचटीटीपीएस झालं की पत्ता एका अक्षराने वाढतो, लिहिलेला आकडा जुनाच राहतो, आणि हिशेब जुळला नाही की ती अख्खी सेटिंग वाचलीच जात नाही. बॅकअप होता म्हणून निभावलं. असे आकडे सांभाळून बदल करणारी प्लगइन आहेत, तीच वापरा.

कन्सोल स्वच्छ झाला की ३०१, म्हणजे कायमचा, रीडायरेक्ट लावा. प्रत्येक जुनं पान त्याच नव्या पानावर गेलं पाहिजे. सगळ्यांना मुख्य पानावर पाठवणं म्हणजे सर्च इंजिनमधली जुनी कमाई घालवणं. साइटच्या पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) असेल आणि 'खूप जास्त रीडायरेक्ट' असा एरर आला, तर बहुधा सीडीएन तुमच्या सर्व्हरशी अजून एचटीटीपीवरच बोलतोय. सर्व्हर त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतो, तो पुन्हा एचटीटीपीवरून येतो, आणि हे चक्र चालूच राहतं. सीडीएनच्या सेटिंगमध्ये सर्व्हरपर्यंतची वाटही एन्क्रिप्टेड करा.

लॉगिन असेल तर कुकीला 'सिक्युअर' ही खूण लावा, म्हणजे ती उघड्या वाटेने जाणार नाही.

एचएसटीएस : हळूहळू

पहिली भेट एचटीटीपीवर होऊन मग रीडायरेक्ट होतो, त्या क्षणभरात वाटेवरच्याला संधी असते. एचएसटीएस हा हेडर, म्हणजे पानासोबत सर्व्हरने पाठवलेली सूचना, ब्राउझरला बजावतो की इथून पुढे इतके सेकंद या साइटवर एचटीटीपीने यायचंच नाही. सुरुवात ३०० सेकंदांनी करा, मग आठवडा, सगळं नीट चाललं तर ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्ष. सबडोमेनही (मुख्य नावाच्या आधी आणखी एक नाव जोडलेले पत्ते) त्यात घ्यायचे असतील तर आधी प्रत्येक सबडोमेन तपासा. कुठेतरी विसरलेलं जुनं सबडोमेन एचटीटीपीवर असलं, तर ते ब्राउझरमध्ये उघडेनासं होतं, आणि हेडर मागे घेतला तरी लोकांच्या ब्राउझरच्या ते सहजी लक्षातून जात नाही.

नूतनीकरण

घोटाळे होतात ते बहुतेक इथेच. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं आणि मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं त्यांनी जून २०२५ मध्ये थांबवलं. विकतच्या सर्टिफिकेटांची मुदतही कमी होत चालली आहे. ३९८ दिवसांची कमाल मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर येते, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर. हाताने करायचे दिवस सरले, हे काम आपोआप होईल अशीच व्यवस्था लावा.

एक गंमत सांगतो. उत्साहाच्या भरात काही जण 'आता एचटीटीपी नकोच' म्हणून फायरवॉलमध्ये पोर्ट ८० बंद करतात. पण डोमेन तपासण्याची सर्वांत प्रचलित पद्धत त्याच पोर्टवरून चालते. मग सर्टिफिकेट नवं होत नाही आणि काही आठवड्यांनी साइट बंद पडल्यासारखी दिसते. पोर्ट ८० उघडा राहू द्या, फक्त रीडायरेक्टसाठी आणि या तपासणीसाठी.

सर्टबॉटला 'ड्राय रन' सांगून नूतनीकरणाची तालीम करता येते, ती आजच करून बघा. आणि पहिलं खरं नूतनीकरण झालं की सर्व्हरवरची फाइल पाहून समाधान मानू नका. नवी फाइल आली पण वेब सर्व्हर रीलोड झालाच नाही, तर तो जुनंच सर्टिफिकेट दाखवत बसतो. ब्राउझरमध्ये साइट उघडा, सर्टिफिकेटवर क्लिक करा आणि तिथे दिसणारी शेवटची तारीख वाचा.