घाणेरी काढायची तर कोयता बाजूला ठेवा

घाणेरी तोडणं सोपं, घालवणं अवघड. बुंध्यावर कोयता चालवला की जागा तेवढ्यापुरती मोकळी दिसते, पण जमिनीलगतच्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि झुडूप पहिल्यापेक्षा दाट होतं. जाळलं तरी तेच. मीही पहिली दोन वर्षं छाटतच होतो. म्हणजे तिची मशागतच करत होतो म्हणा ना!

ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. १८०९च्या सुमारास शोभेचं झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि कुंपण ओलांडून रानात शिरली. तिची पानं गुरांना विषारी, यकृतावर परिणाम करणारी. म्हणून गुरं तिला सोडून शेजारचं गवत खातात आणि तिला आयती जागा मिळते. पिकलेली काळी फळं बुलबुल-साळुंक्या खातात आणि बी दूरवर टाकतात.

आधी खात्री करून घ्या. चौकोनी खोड, त्यावर मागे वळलेले बारीक काटे, खरखरीत पान. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं दिसतात, कारण पिवळं उमललेलं फूल पुढे रंग बदलतं.

काम कधी करायचं? पावसानं माती मऊ झाल्यावर आणि फळं धरण्याआधी. फळं आलीच असतील तर आधी घोस तोडून पोत्यात भरा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड हातमोजे घाला. झुडपात डोकावून पक्ष्याचं घरटं नाही ना, हेही बघा. असेल तर पिल्लं उडेपर्यंत ते झुडूप राहू द्या.

सुरुवात कुठून करायची, इथे बहुतेक जण चुकतात. सगळ्यात दाट जाळीवर तुटून पडायचं, आठवडाभर घाम गाळायचा आणि उघड्या जमिनीवर पुन्हा तणच उगवलेलं बघायचं. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी रान राखताना याच्या उलट पद्धत घालून दिली: जिथे मूळची झाडं शाबूत आहेत आणि परकी तुरळक, तिथून आरंभ करा आणि मूळची झाडं जेवढी पुढे सरकतील तेवढंच तुम्ही सरका. हळू वाटतं, पण माझ्या मते हाच खरा मार्ग.

आता प्रत्यक्ष झुडूप. बुंध्याभोवतीची माती हातानं बाजूला करा. खोड संपून मूळ सुरू होतं तो सांधा सापडेल. फुटव्यांचे डोळे तिथेच असतात. त्याच्या खाली, जमिनीत साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर, मुख्य मूळ कुदळीनं तोडा. घाव सांध्याच्या वर बसला तर मेहनत वाया. सगळी मुळं उपसत बसू नका. जितकी माती उकराल तितकं तिच्यात पडलेलं बी जागं होतं. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली.

तोडलेलं झुडूप तिथेच उलटं ठेवा, मुळं आकाशाकडे. मूळ ओल्या मातीला टेकलं तर पुन्हा जीव धरू शकतं. उन्हात महिन्याभरात काड्या होतात. त्या सरपणाला न्या, नाहीतर तिथेच कुजू द्या.

मोकळी जागा उघडी ठेवायची नाही. जवळच्याच चांगल्या तुकड्यातलं गवताचं बी आणून टाका आणि ते धरेपर्यंत चराई थांबवा. सावली वाढली की घाणेरीचा जोर कमी होतो, म्हणून मूळच्या झाडांच्या रोपांना जपा.

पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक पावसाळ्यात फेरी मारा. सगळीकडे सारखं शोधत बसायची गरज नाही. पक्षी जिथे बसतात ती झाडं, तारा, कुंपणाचे खांब, यांच्या खाली आधी बघा; रोपं तिथेच घोळक्यानं उगवतात. वितभर असताना ओल्या मातीतून ती मुळासकट हातानं निघतात. एवढ्या लहानपणी ना फूल ना काटा, त्यामुळे ओळख पटेना तर एक पान चुरगळून नाकाशी धरा. तो उग्र दर्प लपत नाही.