हत्तीरोगाने सुजलेल्या पायाची चाल कशी मोजावी आणि कशी सुधारावी

हत्तीरोगाचा उपचार म्हणजे गोळ्यांचा कोर्स, असे बहुतेकांना वाटते. रुग्ण मात्र रक्तातल्या कृमींची तक्रार घेऊन येत नाही. पाय जड झाला आहे, जिना चढवत नाही, चारचौघांबरोबर चालताना मागे पडायला होते, ही त्याची तक्रार असते. म्हणून कृमींवरील औषध, त्वचेची निगा आणि चालण्याचे पुनर्वसन ही तीन कामे एकाच हाताने, एकाच नोंदवहीत व्हायला हवीत, असे माझे ठाम मत आहे. हे मार्गदर्शन फिजिओथेरपीचे विद्यार्थी, आरोग्य कर्मचारी आणि रुग्णाची रोजची काळजी घेणारी घरची माणसे यांच्यासाठी आहे. त्यात सांगितलेल्या मोजमापांना टेप, स्टॉपवॉच आणि मोबाइलचा कॅमेरा एवढी साधने पुरतात.

गोळ्यांकडून काय अपेक्षा ठेवावी

वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, ब्रुगिया मलायी आणि ब्रुगिया टिमोरी या तीन कृमींमुळे हत्तीरोग होतो आणि त्यांपैकी पहिली बहुतांश रुग्णांत आढळते. डासाच्या चाव्यातून शिरलेल्या अळ्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, वाढतात. तेथे प्रौढ कृमी साधारण ६ ते ८ वर्षे जगतात आणि लाखो मायक्रोफायलेरिया, म्हणजे आपली सूक्ष्म पिल्ले, रक्तात सोडतात. त्यांच्या वास्तव्याने वाहिन्या रुंदावतात, त्यांतील झडपा नीट मिटेनाशा होतात आणि ऊतींतला द्रव वर वाहून जाण्याऐवजी पायात साचू लागतो.

डीईसी म्हणजे डायइथिलकार्बामाझिन (वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६ मिलिग्रॅम) आणि अल्बेंडाझोल (४०० मिलिग्रॅम) ही औषधे रक्तातील मायक्रोफायलेरिया कमी करून प्रसार रोखतात. त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने काही परिस्थितींसाठी २०१७ मध्ये केली. डॉक्सिसायक्लिनचा मार्ग वेगळा आहे: कृमींच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, त्यांच्यावर हे औषध आघात करते आणि त्यांच्यावाचून प्रौढ कृमी हळूहळू मरतात. कोणते औषध, कोणाला, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. ज्या प्रदेशात ऑन्कोसर्कायसिस हा दुसरा कृमिरोग आढळतो, तेथे डीईसीने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, यावरून स्वतःच्या मनाने गोळ्या घेण्यातला धोका लक्षात यावा.

निकामी झालेल्या झडपा मात्र या गोळ्यांनी पूर्ववत होत नाहीत. पाय जुना सुजलेला असलेल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात तर मायक्रोफायलेरिया सापडतही नाहीत. म्हणजे संसर्ग सरला तरी अपंगत्व शिल्लक राहते, आणि पुढचे काम तेथूनच सुरू होते.

मोजमापाच्या दिवशी प्रथम त्वचा पाहावी

थंडी वाजून ताप, पाय लाल व गरम होणे, ठणका आणि जांघेत अवधाण येणे (गाठ सुजणे), ही लक्षणे असतील तर त्या दिवशी चालण्याची कोणतीही चाचणी घेऊ नये आणि व्यायामही देऊ नये. असे झटके कृमींमुळे येतात असे पूर्वी मानले जाई. प्रत्यक्षात बहुतेक झटके त्वचेतून आत शिरलेल्या जिवाणूंमुळे येतात, आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी आणखी पक्की होते. झटक्याच्या काळात रुग्णाला विश्रांती द्यावी, पाय उंचावर ठेवावा, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, भरपूर पाणी पाजावे आणि प्रतिजैविकासाठी विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. फोड आले असल्यास ते फोडू नयेत.

जिवाणूंचा दरवाजा बहुधा बोटांच्या बेचक्यांत सापडतो. तेथे चिखल्या, भेगा, ओलसर पांढरी पडलेली कातडी आहे का, हे प्रत्येक बोट हलक्या हाताने बाजूला करून चांगल्या उजेडात पाहावे. वरवर पाहून हे समजत नाही. पाय रोज साबण आणि साध्या, गरम नसलेल्या पाण्याने धुवावा. सुजेच्या वरच्या टोकापासून सुरुवात करून खाली पावलापर्यंत यावे, घड्यांच्या आत आणि बेचक्यांत मऊ कापडाने पुसावे, घासू नये. साबणाचा अंश उरणार नाही इतके पाणी ओतावे आणि मग टिपून कोरडे करावे. कोरडे करण्याची पायरीच सर्वाधिक वेळा घाईत उरकली जाते, म्हणून तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे: ओल्या घडीत बुरशी वाढते, बुरशीने कातडी फाटते आणि फटीतून जिवाणू शिरतात. चिखल्या असतील तर डॉक्टरांनी सांगितलेले बुरशीनाशक मलम लावावे. त्वचेवर फट असेपर्यंत चालण्याचा कार्यक्रम वाढवू नये.

सुजेचे आकारमान

घोट्याच्या हाडापासून वर दर ४ सेंटिमीटरवर पेनाने खूण करून प्रत्येक खुणेशी घेर मोजावा. टेप त्वचेला लागलेला असावा, पण रुतलेला नसावा. सूज दिवसभरात वाढत जाते, त्यामुळे मोजणी नेहमी एकाच वेळी, शक्यतो सकाळी करावी. लगतच्या दोन घेरांमधला भाग वरून कापलेल्या शंकूसारखा धरता येतो: दोन्ही घेरांचे वर्ग आणि त्यांचा परस्परांशी गुणाकार यांची बेरीज घ्यावी, तिला खुणांमधल्या अंतराने गुणावे आणि ३७.७ ने भागावे. घेर ३० आणि ३४ सेंटिमीटर असतील तर बेरीज ३०७६, तिची ४ पट १२३०४ आणि भागाकार सुमारे ३२६ मिलिलिटर येतो. असे सर्व तुकडे मिळवले की घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे आकारमान मिळते. दुसऱ्या पायाचेही मोजावे, कारण तुलना त्याच्याशी होणार आहे.

या आकड्याचा चालण्याशी संबंध थेट आहे. ६० किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्याखालच्या भागाचे, पावलासह, वजन साधारण साडेतीन ते पावणेचार किलो असते. तेथे तेवढाच द्रव साचला तर प्रत्येक पावलाला दुप्पट वजन पुढे न्यावे लागते. शिवाय हे वजन खुब्यापासून दूर असते, आणि पाय झोकण्यास होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच कमरेला बांधलेले दोन किलो फारसे जाणवत नाहीत, पण घोट्याला बांधलेले दोन किलो थोड्याच वेळात थकवतात.

दहा मीटरची चाचणी

सपाट, कोरडी आणि अडथळा नसलेली १४ मीटरची वाट निवडावी. पहिले २ मीटर वेग घेण्यासाठी आणि शेवटचे २ मीटर थांबण्यासाठी सोडून मधल्या १० मीटरच्या दोन्ही टोकांना जमिनीवर पट्टी चिकटवावी. रुग्णाला फक्त एवढेच सांगावे: ‘‘नेहमीच्या चालीने पलीकडच्या टोकापर्यंत जा.’’ आपण शेजारून चालायचे झाल्यास अर्धे पाऊल मागे राहावे, नाहीतर रुग्ण नकळत आपल्या वेगाशी जुळवून घेतो. पुढचे पाऊल पहिली पट्टी ओलांडताच घड्याळ सुरू करावे, दुसरी पट्टी ओलांडताच थांबवावे आणि त्याच वेळी पावले मोजावीत. तीन फेऱ्यांची सरासरी घ्यावी आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये बसू द्यावे. पादत्राण, काठी, पायावरचे बँडेज यांची नोंद आकड्याशेजारीच करावी. पुढच्या वेळी यातले काही बदलले तर तुलना खोटी ठरते.

समजा, १० मीटरला १२.५ सेकंद आणि २२ पावले लागली. वेग सेकंदाला ०.८० मीटर, पावलाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि मिनिटाला साधारण १०६ पावले होतात. काही आठवड्यांच्या निगेनंतर तेच अंतर ११.१ सेकंदांत आणि २० पावलांत पार झाले, तर वेग ०.९० झाला; पण त्याहून बोलकी गोष्ट अशी की पावलांची संख्या मिनिटाला १०८ म्हणजे जवळपास तेवढीच राहिली आणि लांबी ५० सेंटिमीटर झाली. पाय घाईने उचलला गेला नाही, तो दूर पडू लागला. वेगाचा एकटा आकडा हे सांगत नाही, म्हणून पावले मोजायला विसरू नये. निरोगी प्रौढांचा सहज चालीचा वेग बहुधा सेकंदाला १.२ ते १.४ मीटर असतो. वृद्धांवरील अभ्यासांत सेकंदाला ०.०५ मीटरचा फरक लहान पण दखलपात्र आणि ०.१० मीटरचा फरक ठळक मानला गेला आहे. इतर वयोगटांत हे आकडे अंदाजापुरते वापरावेत.

कॅमेऱ्यातून काय पाहावे

मोबाइल कमरेच्या उंचीवर, वाटेला काटकोनात, किमान ४ मीटर दूर, तिवईवर किंवा टेबलावर स्थिर ठेवावा. सेकंदाला ६० किंवा अधिक चौकटींचे (फ्रेम्सचे) चित्रण निवडावे. ३० चौकटींमध्ये प्रत्येक चौकट ०.०३३ सेकंदाची असते, आणि दोन पायांमधला फरक कित्येकदा याहून फार मोठा नसतो. नंतर चौकट-चौकट पुढे सरकवत टाच टेकण्याचा आणि चवडा सुटण्याचा क्षण दोन्ही पायांसाठी लिहून काढावा. एकदा टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचे एक चक्र होते; सामान्य चालीत पाऊल या चक्राच्या सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर आणि ४० टक्के काळ हवेत असते.

येथे सावधपणे पाहण्याची एक गोष्ट आहे. सुजलेला पाय जमिनीवर कमी काळ राहतो आहे, एवढ्या टक्केवारीवरून तो दुखतो आहे की नुसता जड आहे, हे ठरत नाही, कारण दोन्ही कारणांनी टक्केवारी एकाच दिशेला झुकते. म्हणून काळ सेकंदांत पाहावा. दुखणाऱ्या पायावर भार नको असल्याने चांगला पाय घाईने पुढे येतो आणि त्याचा हवेतला काळ घटतो. पाय फक्त जड असेल तर चांगल्या पायाला अशी घाई नसते; सुजलेला पायच हवेत रेंगाळतो. दुखण्याविषयी रुग्णाला विचारावेच, पण बरेच जण वर्षानुवर्षांच्या सवयीने दुखणे सांगत नाहीत, आणि तेथे हे चित्रण उपयोगी पडते.

समोरून केलेल्या चित्रणात जड पाय पुढे नेण्याच्या पळवाटा दिसतात: त्या बाजूची कंबर वर खेचणे, पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवणे, चांगल्या पायाच्या चवड्यावर उचलून घेणे. पाय हवेत असताना गुडघा साधारण ६० अंश वाकायला हवा. मागे जाड घडी असेल तर तो तेवढा वाकत नाही. घोट्यासमोरच्या घडीमुळे नडगी पावलाच्या पुढे झुकू शकत नाही आणि मग चवड्याने जमीन मागे रेटण्याचे बळच मिळत नाही. या पळवाटांचा भार कंबर आणि चांगला गुडघा सोसतात, त्यामुळे तेथील दुखण्याची चौकशीही करावी.

व्यायाम, उंची आणि बँडेज

पोटरीचे स्नायू आवळले की द्रव वर ढकलला जातो, म्हणून व्यायामाचा गाभा घोटा हाच आहे. बसून पाऊल वर-खाली करणे, घोटा दोन्ही दिशांना गोल फिरवणे, बोटे आवळणे व पसरणे; आणि तोल सांभाळता येत असेल तर भिंतीला धरून दोन्ही चवड्यांवर उचलून हळूच खाली येणे. थोडे-थोडे, दिवसातून अनेकदा, हा क्रम एकदम दमवण्यापेक्षा बरा. गुडघा वाकवण्याचा सराव आणि पाय पुढे टाकताना टाच आधी टेकण्याचा सराव त्यात मिळवावा, कारण सूज उतरली तरी फिरवून पाय टाकण्याची जुनी सवय आपोआप जात नाही. चालण्याचा अवधी आठवड्याला थोडाच वाढवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा घेर वाढला असेल तर एक पायरी मागे यावे.

बसताना पाय कमरेच्या उंचीवर टेकवावा आणि झोपताना गादीचा पायाकडचा भाग उचलावा. हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. कमी ताणले जाणारे बँडेज उपयुक्त असते, कारण चालताना फुगणाऱ्या पोटरीला ते पक्की भिंत देते. ते बांधण्यापूर्वी पावलावरची नाडी तपासलेली असावी, पहिल्यांदा प्रशिक्षित व्यक्तीनेच बांधावे, आणि बोटे बधिर, निळसर किंवा गार झाल्यास लगेच सोडावे. पादत्राण पावलाच्या मापाचे, हवा खेळणारे आणि आतून शिवण न टोचणारे असावे. रुंद पाऊल अरुंद चपलेत कोंबले तर बेचक्या घासल्या जातात आणि त्वचेचा सगळा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मोजमाप महिन्यातून एकदा पुरे आहे. आकारमान घटले पण वेग वाढला नाही, तर सवय, भीती किंवा सांध्यांचा ताठरपणा शोधावा आणि व्यायामात बदल करावा. वेग वाढला पण आकारमानही वाढत असेल, तर रुग्ण पेलवेल त्याहून जास्त चालतो आहे किंवा बँडेज सैल पडले आहे. दोन्ही आकडे बिघडले आणि मधल्या काळात तापाचा झटका येऊन गेला असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून पुन्हा बेचक्या तपासाव्यात आणि झटक्यांची तारीखवार नोंद घेऊन डॉक्टरांना भेटावे. झटके वारंवार येत असतील तर दीर्घकाळ प्रतिजैविक द्यायचे की नाही, हे डॉक्टरांना त्या नोंदीवरूनच ठरवता येते.