जर्मन बोनेनआइन्टॉप्फ बिघडतो कुठे? या चुका टाळा

पांढरा राजमा, बटाटे, गाजर, कांदा, धुरी दिलेल्या मांसाचा तुकडा आणि वाळवलेला पाला. जर्मन घरात हिवाळ्यात एवढं सामान सहसा असतंच, आणि त्यातूनच बोनेनआइन्टॉप्फ, म्हणजे एकाच भांड्यात शिजणारा राजम्याचा दाट रस्सा, होतो. मसाला जवळपास नाही, त्यामुळे चूक झाकायलाही काही नाही. तो बिघडतो बहुतेक वेळा एकाच समजुतीपायी: एका भांड्यात शिजतो, म्हणजे सगळं एकदम टाकून झाकण ठेवायचं. मुळात काय कधी पडतं, यावरच हा पदार्थ उभा आहे.

चौघांसाठी साधारण २५० ग्रॅम सुका राजमा, दीड लिटर पाणी, अर्धा किलो बटाटे, दोन-तीन गाजरं, एक लीक (कांद्याच्या जातीची जाड, लांब पात), सेलरीच्या कंदाचा तुकडा आणि २०० ग्रॅम श्पेक किंवा कासलर. ही दोन्ही डुकराच्या मांसाची. श्पेक चरबीदार असतं, तर कासलर खारवून हलकी धुरी दिलेलं.

दाणा शिजतच नाही

सगळ्यात जास्त रड याचीच असते, आणि पहिला संशय दाण्याच्या वयावर घ्यावा. उष्ण, दमट हवेत पडून राहिलेला राजमा आतून असा घट्ट होतो की तीन तास उकळला तरी मधला भाग पिठूळ न होता करकरीतच राहतो. मुंबई-कोकणात एक पावसाळा डब्यात काढलेल्या राजम्यावर माझा तरी भरवसा नाही. रात्रभर भिजवून सकाळी मूठभर दाणे हातात घेऊन बघा. सगळे फुगून साल ताणलेली असेल तर ठीक. बरेचसे सुरकुतलेले आणि टणक राहिले असतील, तर त्यांना या पदार्थात घालू नका.

दुसरं कारण पाणी. बर्लिनचं नळाचं पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला (पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या घटकाला) धरून बसतं आणि साल मऊ होऊ देत नाही. यावर उपाय आहे मिठाचा: भिजवतानाच लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घाला. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि साल न फाटता मऊ होते. मिठाने कडधान्य कडक होतं हे आपल्याकडे आणि तिकडेही ठामपणे सांगितलं जातं, पण ते खरं नाही. सकाळी हे पाणी फेकून दाणे धुवा. एवढं करूनही दाणा हट्टी निघाला तर शिजताना चिमूटभर खाण्याचा सोडा चालेल. त्याहून जास्त घातलात तर रश्श्याला साबणासारखी चव येते.

तिसरं कारण आंबट. या रश्श्याला व्हिनेगर हवंच, नाहीतर तो अळणी आणि जड लागतो. पण ते आधी पडलं की दाणा तिथेच अडतो, आणि बटाट्याचीही तीच गत होते. टोमॅटोचंही तसंच. गॅस बंद केल्यावर एक-दोन चमचे व्हिनेगर घाला, ढवळा आणि चाखा. त्या एका चमच्याने चव कशी उघडते ते लगेच कळतं.

ही चूक मात्र करूच नका

राजम्यात लेक्टिन नावाचं, कच्चं पोटात गेलं तर बाधणारं प्रथिन असतं. लाल राजम्यात जास्त, पांढऱ्यात बरंच कमी, पण असतंच. ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते. नुसत्या मंद आचेच्या विजेच्या भांड्यात दाणे कच्चे टाकून दिवसभर ठेवले तर तापमान पुरेसं चढेलच असं नाही, आणि अर्धवट शिजलेल्या दाण्यांनी काही तासांतच उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हणून सुरुवातीची किमान १० मिनिटं मोठ्या आचेवर उकळा, मगच आच कमी करा. विकतच्या हवाबंद टिनमधला राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला हे लागू नाही. तो गाळून शेवटच्या पंधरा मिनिटांत घातला की झालं.

आपल्या हाताला कुकर पटकन सापडतो, आणि दाण्यापुरता तो उत्तमच. पण बटाटे-गाजरं त्यातच लोटली तर पिठलं होतं. आधी दाणे शिजवा, मग झाकण काढून उघड्या भांड्यात भाज्या. बटाटा चिकट, न फुटणाऱ्या जातीचा घ्या. जर्मनीत पिशवीवर ‘फेस्टकोखेंड’ लिहिलेलं असतं. तो दाणे जवळपास मऊ झाल्यावर पडतो आणि वीसेक मिनिटांत होतो. लीक त्याहूनही उशिरा.

खारट, पातळ, बेचव

श्पेक आणि कासलर दोन्ही आधीच खारट असतात आणि शिजताना मीठ सोडत राहतात, म्हणून रश्श्यात वरचं मीठ अगदी शेवटी, चाखून. पातळ वाटला तर कॉर्नफ्लोअर नको. एक पळीभर दाणे भांड्याच्या कडेला दाबून कुस्करा, पाच मिनिटांत रस्सा धरतो. मेट्टवुर्स्टसारखं धुरी दिलेलं सॉसेज रश्श्याबरोबर शिजलं तरी चालतं, पण व्हीनर हे बारीक, नाजूक सॉसेज उकळीत टाकलं की फुटतं आणि त्याची चव पाण्यात जाते. ते आच बंद करून फक्त गरम होऊ द्यायचं. शाकाहारी करायचा असेल तर कांदा तेलावर चांगला तांबूस परतून त्यात धुरी दिलेली पाप्रिका घाला. नाहीतर चवीला पायाच राहत नाही.

आता पाल्याची गोष्ट, कारण आपल्या स्वयंपाकघरात नेमकी इथे फसगत होते. पाककृतीत तमालपत्र म्हटलं की हात मसाल्याच्या डब्याकडे जातो. पण जर्मन पाककृतीतलं पान वेगळ्या झाडाचं, लॉरेलचं आहे. पान उजेडात धरून पाहा: आपल्या तमालपत्रावर देठाकडून टोकाकडे तीन लांब शिरा जातात आणि त्याला दालचिनीचा वास येतो. लॉरेलला मधोमध एकच शीर असते आणि वास थंड, किंचित कडवट. आपलं पान घातलंत तर रस्सा पुलावाच्या वाटेला जातो. लॉरेल नसेल तर पान वगळा, काही बिघडत नाही.

बोनेनक्राउट (इंग्रजीत सेव्हरी) हा मात्र वगळू नये असा पाला. कडधान्याशी त्याची जोडी जर्मनीत फार जुनी आहे. शेवटची दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आधीपासून उकळला तर कडवटपणा येतो. तो मिळाला नाही तर थाइम वापरा. थाइमचा उग्र वास ज्या थायमॉलचा, तेच ओव्यातही असतं, त्यामुळे ओव्याचा मोह होईल. पण ओवा एकटाच सगळ्यावर बसतो. मी तो घालत नाही, आणि हिंगाची फोडणीही नाही.

दुसऱ्या दिवशी हा पदार्थ जास्त चांगला लागतो, हे जर्मन माणूस हमखास सांगेल आणि ते खरंच आहे. फक्त रात्रभर तो ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून फ्रीजमध्ये. रात्रीत दाणे पाणी पितात, म्हणून गरम करताना अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर, तळापासून हलवत. तरी खाली लागलाच तर खरवडू नका, वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा असेल तर बटाटे घालण्याआधीच तेवढा वाटा बाजूला काढा. गोठून सुटलेला बटाटा पाणचट आणि भुसभुशीत होतो.