खाडीच्या पाण्याची तपासणी: आधी क्षारता, मग प्रदूषण

खाडीचे प्रदूषण मोजायचे असेल, तर नायट्रेट, फॉस्फेट किंवा ऑक्सिजन यांच्याही आधी क्षारता, म्हणजे एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत ते, मोजावे लागते. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी तिथे भरती-ओहोटीबरोबर सतत वेगवेगळ्या प्रमाणात मिसळत असल्यामुळे, एकाच धक्क्यावरून सकाळी आणि दुपारी भरलेल्या दोन बाटल्यांत दोन निराळी पाणी असू शकतात. क्षारतेची नोंद नसलेल्या आकड्यावरून कोणावर आरोप करू नये आणि कोणाला निर्दोषही ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

गोव्यातील मांडवी नदीचे उदाहरण घेऊ. भर पावसाळ्यात तिचे गोडे पाणी मुखाजवळ येऊन ठेपते, तर उन्हाळ्यात समुद्राचे खारेपण पणजी, दिवाडी मागे टाकून बरेच आत शिरते. म्हणून ठरावीक गावांसमोरच नमुने घेण्यापेक्षा, होडीत क्षारतामापक ठेवून मुखाशी असलेल्या आग्वादकडून नदीत वर असलेल्या गांजेच्या दिशेने जावे आणि क्षारता साधारण 35, 30, 25 अशी उतरत जाईल तिथे तिथे थांबावे. पावसाळ्यात वर गोडे आणि तळाशी खारे असे थर पडतात, त्यामुळे तळाचा नमुनाही हवाच. दिवस तिथी पाहून ठरवावा: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गाळ ढवळून वर येतो, अष्टमीच्या सुमारास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान असताना, पाणी तुलनेने संथ असते. दोन्ही वेळा पाहाव्यात. नमुना घेताना इंजिन बंद करून, प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूनेच पाणी घ्यावे.

पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी रसायनशास्त्रज्ञ विंकलरची 1888 सालची पद्धत आजही भरवशाची आहे. रबरी नळीचे टोक बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी हळूहळू भरावे, बाटलीच्या दुपटीइतके पाणी वाहून जाऊ द्यावे आणि बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करावी. लगेच, होडीतच, पिपेटचे टोक पाण्याखाली धरून मँगनीजचे आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण सोडावे, बूच लावावे आणि बाटली उलटसुलट करावी. तपकिरी साका उतरला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर तो जवळजवळ संपलेला आहे. प्रयोगशाळेत आम्ल घालून सुटलेले आयोडिन थायोसल्फेटने मोजावे. स्टार्चचा निळा रंग जाताच थांबावे.

हा आकडाही क्षारतेशेजारी ठेवूनच वाचावा. 28 अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे 7.8 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, समुद्राचे पाणी सुमारे 6.4. म्हणजे 6.2 हा आकडा मुखाशी निरोगी पाण्याचा असतो, पण आत गोड्या पाण्यात तोच मिळाला तर तूट दाखवतो. रासायनिक ऑक्सिजन मागणीची (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागेल त्याची) डायक्रोमेट हे रसायन वापरून होणारी चाचणी तर इथे सहज फसवते, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असते आणि तेही डायक्रोमेट खर्च करते.

नायट्रेट, फॉस्फेट अशा पोषकद्रव्यांचे नमुने 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून गोठवावेत. धातूंसाठी आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या वेगळ्या बाटल्या वापराव्यात.

शेवटी आलेख काढावा: आडव्या अक्षावर क्षारता, उभ्या अक्षावर नायट्रेट. समजा नदीच्या टोकाला, क्षारता 0 असताना, नायट्रेट 20 एकके आणि समुद्राच्या टोकाला, क्षारता 35 असताना, 2 एकके आहे. नुसतेच मिश्रण होत असेल तर मधले बिंदू या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतात, म्हणजे क्षारता 17.5 असताना नायट्रेट 11 यायला हवे. तिथे 16 आले, तर वाटेत कुठूनतरी भर पडते आहे. 7 आले, तर शेवाळ किंवा गाळातील जिवाणू ते वापरत असावेत. मात्र पावसाच्या पहिल्या सरींत नदीचे टोकच रोज बदलते, तेव्हा या रेषेवर विसंबू नये. रेषेच्या वर गेलेला बिंदू पुढच्या ओहोटीलाही वरच राहिला, तर पाणी उतरलेले असताना त्या पट्ट्याचे दोन्ही काठ होडीने सावकाश फिरून पाहावेत. भरतीत बुडालेली नाल्यांची आणि पाइपांची तोंडे तेव्हाच उघडी पडतात.